ताटलीखालचा वास

“तू आधी सांग,” म्हणत भाईंनी पहिल्या ग्लासवरची स्टीलची ताटली उचलली.

ग्लासात बोटभर व्हिस्की होती. मी नाक जवळ नेलं आणि विचार करायच्या आतच तोंडातून निघून गेलं, “हुरडा!”

“हुरडा?”

“शेतात हुरडा भाजतात ना, त्या आगटीचा वास. गोवऱ्यांचा धूर. आणि मागून दवाखान्यातल्या पट्टीचा.”

भाई हसले नाहीत. त्यांनी ताटली परत जागेवर ठेवली आणि दुसऱ्या ग्लासवरची उचलली. “आणि हा?”

“नवीन दाराचं लाकूड. सुतार अजून घरातच आहेत. आणि कुणीतरी शिकरण केलंय.”

“केळ्याचं?”

“केळ्याचंच. वेलची न घालता.”

तिसऱ्या ग्लासात थोडा मध होता, थोडं हिरवं सफरचंद होतं, बाकी फार काही नव्हतं. “हा बिचारा गरीब स्वभावाचा आहे,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून सासूबाई हसल्या. “तो आयर्लंडचा गं. मला तोच आवडतो. लिंबाबरोबर भांडत नाही.”

“आता हवं तर घोटभर घेऊन बघ,” भाई म्हणाले. “नको असेल तर नको. पिण्यापेक्षा हुंगण्यात जास्त गंमत आहे.”

दसरा होऊन गेला होता. दिवेलागणीची वेळ, देवापुढे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नुकतीच निरांजन लावलेली, आणि मी, सोलापूरच्या कलशेट्टींची गिरिजा, जिच्या माहेरी अंड्याचं नाव काढायचीही चोरी होती, ती ठाण्याच्या टिपणिसांच्या हॉलमध्ये सासऱ्यांसमोर, या भाईंसमोर, व्हिस्कीचे ग्लास हुंगत बसले होते. माझ्या वडिलांचा, अप्पांचा, फोन शनिवारी संध्याकाळीच यायचा. तो वाजला की मी तोंडाला पदर लावून बोलायचे, जणू फोनमधून त्यांना वास जाणार होता.

तुषारशी माझं लग्न झालं ते मे महिन्यात. तो बोटीवर इंजिनीअर. पावसाळ्यात तो बोटीवर रुजू झाला आणि मी सासू-सासऱ्यांबरोबर एकटी राहिले. माणसं गोड होती. पण घर सीकेपींचं. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे आणि उरलेल्या वारी सुके मासे. त्यात माझं नाक भलतं तिखट. दूध नासायच्या आदल्या दिवशीच मला कळायचं. माहेरी आई म्हणायची, “नाकाने कांदे सोलते ही पोरगी, सासरी कसं व्हायचं हिचं?” ते आता चांगलंच कळत होतं. फ्रीजसुद्धा मी श्वास धरून उघडायचे. मी ताट घेऊन माझ्या खोलीत जेवायचे. खालच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, टिपणिसांची सून फार नाक मुरडते. आईंनी मला एका शब्दाने कधी दुखवलं नाही, आणि त्यामुळे तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं. संक्रांत झाली की माहेरी जायचं. तुषार येईपर्यंत परत यायचं नाही, आणि तो आल्यावरही त्याला म्हणायचं, आपण वेगळं राहू. एकदा तशी निघून गेले असते तर त्या घरात मी पुन्हा पाऊल टाकलं नसतं, एवढं मला माझं मन माहीत होतं. तिकीट काढून ठेवलं होतं. भाईंना आणि आईंना मी फक्त “थोडे दिवस जाऊन येते” एवढंच सांगितलं होतं.

आठवड्यात एक शनिवार तेवढा बरा जायचा. भाई कपाटातून बाटल्या काढायचे. तुषार दर खेपेला एकेक आणायचा, त्या ओळीने उभ्या होत्या. मी तीन ग्लास मांडायचे, भाई व्हिस्की ओतायचे, चमच्याने थेंबभर पाणी घालायचे आणि वर ताटल्या झाकून ठेवायचे. “वास कोंडू दे जरा,” म्हणायचे. मग मी आतून यायचे आणि कुठल्या ग्लासात कोण ते मी ओळखायचं. नुसतं नाव सांगून भाईंचं समाधान व्हायचं नाही. “धूर म्हणतेस, कसला धूर? लाकडाचा? कागदाचा? ओल्या लाकडाचा की सुक्या?” मी सांगत राहायचे. ते डोळे मिटून ऐकत राहायचे.

आईंचा खेळ वेगळा होता. त्या आल्याचा रस, लिंबू, गुळाचा पाक आणि सोडा यांत एकेक व्हिस्की घालून बघायच्या. हुरडेवाल्या व्हिस्कीला गूळ आवडायचा, शिकरणवालीला आलं. गरीब बिचारी कशातही जायची. एकदा त्यांनी कोकमाचं आगळ घातलं, तेव्हा भाई म्हणाले, “अगं, हे लोक बारा-बारा वर्षं ती पिंपात जपतात, आणि तू तिची सोलकढी करतेस!”

“मग त्यांनी जपायची कशाला? प्यायची होती,” आई म्हणाल्या.

मला वाटायचं, हा या घरचा जुना नेम असेल, पावसाळाभर बंद ठेवून दसऱ्यानंतर सुरू करत असतील. भाईंचा धंदाच नाकाचा होता ना. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा इसेन्सचा छोटा कारखाना होता. केशर, वेलची, गुलाब, आंबा. आइस्क्रीमवाले, मिठाईवाले, सरबतवाले त्यांच्याकडून माल नेत. इसेन्स काय कुठेही मिळतं, पण लोक टिपणिसांकडे येत ते भाईंच्या नाकावर भरवसा ठेवून.

आणि मग तो सोड्यांचा शनिवार आला.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सीकेपींच्या घरी त्याला सोन्याचा मान. त्या दिवशी आईंनी खिचडीसाठी सोडे भिजत घातले होते, आणि भिजवलेलं पाणी फेकायचं नसतं म्हणून ते निराळं काढून ठेवलं. वाट्या घासायला पडल्या होत्या, म्हणून हाताला लागला तो व्हिस्कीचा ग्लास घेतला. त्यात ते पाणी ओतलं आणि वर ताटली ठेवली. रंग अगदी तोच, सोनेरी-तपकिरी. आई शेजारी गेल्या. भाईंनी तिन्ही ग्लास भरून ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर ठेवले आणि मला हाक मारली, “गिरिजा, ट्रे आण गं.” मला त्या दिवशी सर्दी होती, नाक चोंदलेलं. ओट्यावर ताटल्या झाकलेले चार ग्लास दिसले. मी आपली हाताशी आले ते तीन उचलून आणले.

“तू आधी सांग,” भाई म्हणाले.

“दरवेळी मीच का?” मी लाडात म्हटलं. “आज मला सर्दी आहे. आज तुम्ही सांगा, मी ऐकते.”

ते क्षणभर थांबले. मग त्यांनी ताटली उचलली, ग्लास नाकाशी नेला आणि चांगला दीर्घ श्वास घेतला.

इकडे माझ्या चोंदलेल्या नाकातही तो वास घुसला. सोड्यांचा! ओला, खारट, बंदरावरचा. मी तोंडावर हात धरला. आता भाई ओरडणार, मग आम्ही दोघं हसणार, असं मला वाटलं.

“मनुका,” भाई शांतपणे म्हणाले. “जुनं लाकूड. थोडा मध असावा.”

आणि त्यांनी ग्लास ओठांकडे नेला.

“माशी!” मी किंचाळले आणि ग्लास त्यांच्या हातातून ओढून घेतला. “भाई, माशी पडलीये त्यात. आणते दुसरा.”

मी स्वयंपाकघरात जाऊन ते पाणी बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. सीकेपी माणूस, आणि त्याला सोड्यांचा वास येत नाही! इतके शनिवार ‘तू आधी सांग’ का म्हणत होते ते कळलं. मी सांगायचे, मग ते म्हणायचे, “बरोबर.”

आई परत आल्या. रिकामा ग्लास बघितला, माझं तोंड बघितलं. “पाणी कुठे गेलं?” म्हणाल्या. मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

“गणपतीत ताप आला होता ना त्यांना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. खारट-गोड-आंबट कळतं जिभेला. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, येणारही नाही. तुषारला सांगू दिलं नाही. म्हणे, बोट सोडून येईल पोरगा.”

“मग कारखाना?”

“जुनं सगळं मापाने चाललंय. ग्रॅम, मिली. पण नवीन काही करता येत नाही. आणि संक्रांतीनंतर जगताप येणार.”

जगताप म्हणजे साताऱ्याकडचे मोठे आइस्क्रीमवाले. दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी ते घरी येत, भाईंबरोबर व्हिस्की घेत आणि मोसमाचा नवा स्वाद ठरवून जात. कारखान्याचा निम्मा माल त्यांच्याकडेच जायचा. या वर्षी त्यांना खरवसाचं आइस्क्रीम काढायचं होतं. भाईंनी अंदाजाने तीन नमुने केले होते. त्यातला कुठला बरा, हे त्यांना स्वतःला कळायला मार्ग नव्हता. जगतापांना संशय आला असता तर ते दुसरीकडे गेले असते, आणि मग बाकीच्यांना कळायला वेळ लागला नसता.

आईंनी माझा हात धरला. “एवढा एक दिवस समोर बस. मग जा खुशाल सोलापूरला. मी अडवणार नाही.” म्हणजे मी किती दिवसांसाठी चालले आहे ते त्यांनी ओळखलं होतं. मला मेलीला लपायला जागा पुरेना.

बेत आईंनीच केला. दुधात नमुन्याचे थेंब घालून तीन वाट्या मांडायच्या, वर ताटल्या. जगताप त्या नेहमी स्वतः मागेपुढे करत, म्हणून आधी हुंगून ठेवून भागलं नसतं. मी ताटल्या काढून वास घ्यायचा आणि परत झाकताना जी वाटी बरी असेल तिच्यावरची ताटली उलटी ठेवायची. भाई ते बघून बोलतील. भाईंना हे आईंनीच जाऊन सांगितलं. ते काय म्हणाले असं मी विचारलं, तर आई म्हणाल्या, “काही नाही. बरं, म्हणाले.”

पुढच्या शनिवारी भाईंनी नेहमीसारख्या ग्लासांवर ताटल्या झाकल्या आणि म्हणाले, “तू आधी सांग.” मी सांगितलं.

जगताप आले ते शनिवारीच, उन्हं उतरताना. दाराच्या चौकटीत मावेनात असे उंच-रुंद, आवाज तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळची माझी गाडी होती. बॅग आतल्या खोलीत भरून तयार होती. या खेपेला आदल्या दिवशीच अप्पांचा फोन येऊन गेला होता की काकांची म्हैस आज-उद्या व्यायला झाली आहे, वेळेवर आलीस तर खरवस मिळेल.

“काय ओ भाई, तब्येत उतरली की तुमची!” म्हणत जगतापांनी आपली बाटली टेबलावर ठेवली, पेला अर्धा भरला आणि वर गोड कोल्ड्रिंक ओतायला लागले.

“अहो, हे काय करताय!” आई धावल्याच. “द्या इकडे. मी दुसऱ्या ग्लासात करून देते.” त्यांनी आलं, लिंबू, गुळाचा पाक आणि सोडा घालून दिलं. जगतापांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला.

“वहिनी, आमच्या गुऱ्हाळावर बसल्यागत वाटतंय हो!”

“गिरिजा, तूही बस,” भाई म्हणाले.

जगतापांनी माझ्याकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं. सुनेने या बैठकीत बसावं हे त्यांना नवीन होतं, पण ते बोलले नाहीत. मग वाट्या आल्या. जगतापांनी त्या मागेपुढे केल्या. मी पहिली ताटली काढली. जायफळाने नाक भरलं. दुसरी काढली, तिसरी काढली. दुसरी त्यातल्या त्यात बरी होती. मी झाकताना तिच्यावरची ताटली उलटी ठेवली. ताटली वाजली.

“हां भाई,” जगताप पुढे सरकले. “बोला. तुमचं नाक काय म्हणतंय?”

भाईंनी त्या उलट्या ताटलीकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यांनी ती सुलटी केली.

“जगतापसाहेब,” ते म्हणाले, “गणपतीपासून मला वास येत नाही.”

आईंच्या हातातला चमचा खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

“म्हणजे?” जगताप म्हणाले.

“म्हणजे अजिबात नाही. तुम्ही आत्ता माझ्या नाकाखाली रॉकेल धरलंत तरी कळणार नाही.”

“आणि दिवाळीचा गुलाब? तो तुम्हीच पाठवला होता ना?”

“मापाने केलेला होता. माप चुकलेलं नाही. पण मी तो हुंगलेला नाही.”

जगतापांनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची मजा गेली होती. “भाई, तुमच्या नावावर मी माल घेतो. आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

“आज सांगतोय, कारण आज नाव सांगण्यासारखं माणूस आहे माझ्याकडे,” भाई म्हणाले. “ही माझी सून. मला आयुष्यात जेवढं नाक होतं, त्यापेक्षा हिला जास्त आहे. आत्ता कुठली वाटी बरी ते हिने मला खुणेने सांगितलंय. मी ते माझं म्हणून तुम्हाला सांगणार होतो. तसं ठरलं होतं. पण ते माझं नाही, हिचं आहे. विचारायचं ते तिला विचारा.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. सोलापुरात, ठाण्यात, आजवर माझ्या या नाकाची सगळ्यांनी तक्रारच केली होती. त्याच्याबद्दल असं कुणी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेसुद्धा ज्यांचा निम्मा धंदा त्या वाक्याने बुडू शकत होता त्यांच्या तोंडून.

जगताप उठले. “असं का? मग सूनबाई, जरा तोंड फिरवा तिकडं.”

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे बाटल्यांची बुचं निघाली, ग्लास वाजले, ताटल्या बसल्या. “फिरा आता,” जगताप म्हणाले. “भाई, तुम्ही बोलायचं नाही.”

“मला काय कळतंय बोलायला?” भाई म्हणाले. जगतापांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

मी पहिली ताटली उचलली. “हुरड्याची.” भाईंनी बाटलीकडे बोट दाखवून जगतापांना कुठली ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसरी. मी दोनदा वास घेतला. “यात तुम्ही दोन मिसळल्यात. शिकरण आहे, आणि आपला आयर्लंडचा. शिकरण जास्त.”

भाईंनी दोन बाटल्यांकडे बोट दाखवलं. जगतापांनी तिसरा ग्लास पुढे सरकवला.

तिसरी. “यात व्हिस्की नाही. माठातलं पाणी आहे. पण ग्लास न धुता भरलाय तुम्ही. मगाशी यात तुमचं कोल्ड्रिंक होतं.”

“आयला!” जगताप म्हणाले, आणि लगेच आईंकडे बघून, “चुकलं, वहिनी.” मग वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. “आता हे सांगा. ह्यातला खरवस कोणता?”

“तिन्ही नाहीत,” मी म्हटलं.

आईंनी माझ्याकडे डोळे वटारले. भाई मात्र खुर्चीत पुढे आले.

“मगाशी तर एक बरी म्हणालात,” जगताप म्हणाले.

“तीनच होत्या म्हणून त्यातली बरी सांगितली. पण हा पेढ्याचा वास आहे, खरवसाचा नाही. खरवसाला चिकाचा वास पाहिजे. व्यालेल्या म्हशीचा गोठा असतो ना, वासरू अजून ओलं असतं, तसा कोमट, जरासा उग्र. तो काढून टाकला की नुसती गुळाची वडी राहते. आणि जायफळ फार झालंय. घरी नखभर घालतात.”

जगतापांनी वाटी हातात घेतली. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, “माझी आई वेलचीसुद्धा घालू द्यायची नाही. म्हणायची, चिकाचा वास झाकून खायचा असेल तर खाता कशाला?” त्यांनी पेला उचलून संपवला. “होळीपर्यंत करून दाखवा. जमलं तर घेतो. ओळखीवर नाही घेणार, भाई. आणि बाकी मालाचं मला विचार करू दे.”

“ओळखीवर घेऊच नका,” भाई म्हणाले.

जगताप सोड्यांची खिचडी दोनदा वाढून घेऊन जेवले आणि गेले. त्या उन्हाळ्यात त्यांनी माल कमीच नेला, हेही सांगून टाकते. सगळं काही एका संध्याकाळीत सुटलं नाही. पण टिपणिसांचं नाक गेलं ही गोष्ट बाजारात कुणी दुसऱ्याने फोडली नाही. भाई स्वतः एकेकाला फोन करून सांगत गेले, आणि प्रत्येकाला सुनेच्या नाकाबद्दलचं पुढचं वाक्यही सांगत गेले.

जगताप गेल्यावर मी ग्लास गोळा करत होते. भाई खुर्चीतच बसले होते.

“त्या दिवशी माशी नव्हती ना गं?” त्यांनी विचारलं.

मी आणखी एक ग्लास ट्रेमध्ये ठेवला.

“काय होतं ग्लासात?”

“सोड्यांचं पाणी.”

भाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. “मनुका म्हणालो मी! अरेरे! माझे आजोबा वर बसून काय म्हणत असतील!”

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, “भाई, ताटली सुलटी का केलीत? खूण बरोबर होती. चाललं असतं.”

“चाललं असतं,” ते म्हणाले. “या वर्षी चाललं असतं, पुढच्या वर्षीही. तू आतून खुणा केल्या असत्यास आणि नाव माझं झालं असतं. नाक माझंच राहिलं असतं. तुझं तुला कधी मिळालं असतं?”

मी ट्रे उचलून आत गेले. आई भांडी आवरत होत्या. माझे डोळे बघून त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं, आणि त्या पदराला सोड्यांचा वास होता, आणि मी मान बाजूला केली नाही.

“एक सांगू?” आई म्हणाल्या. “हे शनिवार आमच्याकडे कधी नव्हते हो. हा माणूस वर्षातून दोनदा प्यायचा, दिवाळीला आणि कुणाच्या लग्नात. तुषारच्या बाटल्या नुसत्या शोभेला होत्या. तुला आठवतं, तू पहिल्यांदा घर बघायला आलीस, तेव्हा दारातच म्हणालीस, काहीतरी करपतंय? आम्हाला कुणालाच येईना वास. मग कळलं, खालच्या मजल्यावर दूध लागलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतीस तू. ताप गेल्यावर म्हणाले, तिला कारखान्यात बसवली तर पोरीला वाटेल सासरा कामाला जुंपतोय. आधी तिला तिचं नाक आवडू दे.”

आज तो कारखाना मी चालवते. लोक विचारतात, हे कुठे शिकलात. मी सांगते, घरी, सासऱ्यांकडे, व्हिस्की हुंगत. लोकांना ती थट्टा वाटते. पण त्या माणसाचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की थट्टेतसुद्धा मला त्यांचं नाव घ्यायला आवडतं. ज्या नाकापायी मी ते घर सोडायला निघाले होते, त्याच नाकाला त्यांनी त्या घरात मानाची जागा दिली.

दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे सोलापूरला गेले. आणि पुढच्या शनिवारी, अप्पा “अगं, एवढ्यात?” म्हणत असताना, परत निघाले. बर्फ घातलेल्या बादलीत पितळी कडीचा डबा होता. काकांची म्हैस वेळेवर व्यायली होती.

ठाण्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. टेबलावर तीन ग्लास मांडून, वर ताटल्या ठेवून भाई वाट बघत बसले होते. मी ग्लास बाजूला सारले, डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. आत पिवळसर दाट चीक होता. भाई त्यावर वाकले, त्यांनी खोल श्वास घेतला, आणि नेहमीसारखं काहीच न कळून वर पाहिलं.

“तू सांग,” म्हणाले.

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. “पहाटेचा गोठा आहे,” मी सुरुवात केली. “खाली कडबा टाकलाय, थोडा ओला झालाय. वासरू उभं राहायला बघतंय, त्याच्या अंगाला वाफ येतेय. कोमट. जरा उग्र, पण घाण नाही. काकू पितळेचं पातेलं घेऊन बसलीये, पहिली धार पातेल्यात पडतेय, आणि पितळेचा तो थोडासा आंबूस वास...”

भाईंनी डोळे मिटले होते. आई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी सांगत होते, आणि भाईंच्या नाकपुड्या हळूच फुलल्या.

“आला,” ते म्हणाले.